ऋण गुणिले ऋण : काहून?



नांदगाव खंडेश्वरला व्याख्यान द्यायचं ठरलं तेव्हा विषय काय घेणार, असं संयोजकांनी आम्हाला फोनवर विचारलं. तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हटला की तो गीतेवर बोलणार, शंकराचार्यांवर बोलणार, फार तर बुद्धावर बोलणार, अशी लोकांची अपेक्षा असते. आम्ही म्हटलं, सातवीच्या गणितावर बोलू. ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं की उत्तर धन येतं, त्या एका नियमाचा इतिहास सांगू. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘सर, लोक येतील ना?’ आपण आलात, बरं वाटलं.

या विषयाला कारण झाली एक मुलगी. आमचे एक शिक्षक मित्र गणित शिकवतात. त्यांनी वर्गात नेहमीप्रमाणे सांगितलं की धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज. मुलांना ते पटलं. आपल्या भागातल्या पोरांना कर्ज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बेरीज झाली, वजाबाकी झाली. मग गुणाकार आला आणि फळ्यावर नियम आला : ऋण गुणिले ऋण बरोबर धन. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, कर्जाले कर्जानं गुणलं त पैसा होते म्हंता. मंग माह्या बाबाजवळ काहून नाही होत?’

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. आमच्या मित्रालाही हसू आलं नाही. त्या रात्री त्यांचा आम्हाला फोन आला.

आम्हाला तो प्रश्न ओळखीचा होता. साठेक वर्षांपूर्वी आम्हीही वर्गात असंच काहीतरी विचारलं होतं. ‘नियम आहे, पाठ कर,’ असं उत्तर मिळालं. आम्ही पाठ केला, मार्कही मिळाले, पण आमचं आणि गणिताचं तिथून बिनसलं ते बिनसलंच. पुढे तत्त्वज्ञानात आलो, कारण तिथे ‘काहून’ विचारलं तर निदान कोणी खाली बसवत नाही. तेव्हा आज जे बोलणार आहोत, ते त्या मुलीला द्यायचं उत्तर आहे. थोडं आम्हालाही आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा प्रश्न विचारणारी ती मुलगी एकटी नाही. फ्रान्सचा मोठा कादंबरीकार स्तांदाल १७८३ साली ग्रनोबल गावात जन्मला. त्याला लहानपणी गणिताचं वेड होतं. आपल्या आत्मकथेत तो लिहितो की ऋणाला ऋणाने गुणलं की धन, याचं कारण मला कोणीच सांगेना. त्याची शंका अशी : ऋण म्हणजे एखाद्या माणसाचं कर्ज असेल, तर दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणून त्या माणसाकडे पन्नास लाखांची संपत्ती कशी येईल? बघा, ग्रनोबलचा मुलगा आणि वऱ्हाडातली मुलगी. मधे दोनशेहून जास्त वर्षं, आणि प्रश्न तोच.

मोठ्यांची अवस्था फार वेगळी नव्हती. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेस याने १७५८ साली ऋण संख्यांच्या वापराविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. ऑयलरसारखा अव्वल गणिती १७७० च्या आपल्या बीजगणितात म्हणतो की ऋण गुणिले ऋण याचं उत्तर धन तरी असेल किंवा ऋण तरी असेल. ऋण गुणिले धन याचं उत्तर ऋण येतंच, तर याचं तेच कसं येईल, म्हणून धन. ऑयलरबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, ही पळवाट झाली. त्या मुलीने ती मान्य केली नसती.

आता आपल्याकडे येऊ. ‘धन’ आणि ‘ऋण’ हे शब्द आजही आपल्या सातवीच्या पुस्तकात आहेत. ते तिथे पोचले ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतून. राजस्थानातलं भिनमाळ, त्या काळचं भिल्लमाल, तिथला हा ज्योतिषी. शके ५५०, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांचे नियम दिले आहेत. आपला नियम तिथे स्वच्छ शब्दांत आहे. मात्र कारण दिलेलं नाही. सूत्र असं असतं. सूत्रकार सांगून मोकळा होतो, ‘काहून’चं उत्तर भाष्यकाराने द्यायचं असतं.

त्यानंतर पाचशे वर्षांनी आले भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे १११४. ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० मधला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तो चाळीसगावजवळच्या पाटण गावी, आज आपण पाटणादेवी म्हणतो त्या परिसरात. तिथला शिलालेख १२०७ च्या सुमाराचा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातला दानाचा भाग जुन्या मराठीत आहे. तेव्हा देवगिरीला यादव राजा सिंघण होता आणि चांगदेव त्याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होते. आपल्या गावचं खंडेश्वराचं मंदिर त्याच यादवकाळातलं. इथल्या शिलालेखात शके ११७७ आहे. सिंघणानंतर गादीवर आलेल्या कृष्ण यादवाचा तो काळ. म्हणजे पाटणला मुलं ‘बीजगणित’ शिकायला लागली, त्यानंतर पन्नासेक वर्षांनी त्याच राज्यात इथल्या दगडावर अक्षरं कोरली गेली. फार लांबची गोष्ट सांगत नाही आहोत आपण.

‘बीजगणिता’त भास्कराचार्य माकडांचं एक गणित घालतात. आपण ते सोडवू, कारण आपला नियम त्यात लपलेला आहे. माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा केले, जे राहिलं त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड बाहेर दिसतंय. तर कळप केवढा? याची उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पन्नास घ्या : पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, त्याचा वर्ग ४९, आणि बाहेरचं एक, झाले ५०. आता पाच घ्या : पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले, राहिले ऋण २. ऋण २ चा वर्ग ४, आणि बाहेरचं एक, झाले ५. गणित चोख बसतं. आणि बसतं कशामुळे? ऋण २ गुणिले ऋण २ बरोबर धन ४, यामुळे.

पण भास्कराचार्य म्हणतात, दुसरं उत्तर घेऊ नये. नुसती ऋण राशी लोकांना पटत नाही. खरंच आहे, ऋण दोन माकडं कोणी पाहिलीत? आम्हाला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आपल्याकडे हल्ली एक सवय लागली आहे, सगळं आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं असं म्हणायची. पूर्वजांना नियम ठाऊक होता आणि त्याची अडचणही ठाऊक होती. ती त्यांनी झाकून ठेवली नाही.

‘लीलावती’त मात्र त्यांनी एके ठिकाणी वेगळी वाट दाखवली आहे. एक त्रिकोण आहे, बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या टोकातून पायावर लंब टाकायचा आणि पायाचे दोन तुकडे काढायचे. उत्तर येतं : एक तुकडा १५, दुसरा ऋण ६. लंब ८, क्षेत्रफळ ३६. ऋण लांबीचा तुकडा कसा असेल? भास्कराचार्य सांगतात, ऋण म्हणजे उलट दिशेचा. लंब पायाच्या बाहेर पडतो आहे, म्हणून तो तुकडा दुसऱ्या बाजूला मोजायचा. घरी कागदावर काढून बघा. इथे कर्ज नाही, दारिद्र्य नाही, काही कमी पडलेलं नाही. फक्त दिशा फिरली आहे.

हे बी अंकुरलं आपल्या वऱ्हाडात. विदर्भात पयोष्णी नदीच्या काठी दधिग्राम नावाचं गाव होतं. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असं समजलं जातं. त्या गावात चिंतामणी नावाचे ज्योतिषी होते. त्यांचा मुलगा राम, रामाचा त्रिमल्ल, त्रिमल्लाचा बल्लाळ. बल्लाळाच्या वेळी हे घराणं काशीला गेलं. बल्लाळाच्या मुलांपैकी एक कृष्ण दैवज्ञ. त्याचा भाऊ रंगनाथ, ज्याने ‘सूर्यसिद्धान्ता’वर टीका लिहिली. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर, तोही मोठा ज्योतिषी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या मराठी ग्रंथात या घराण्याची माहिती आहे. १५९६ साली वऱ्हाड अहमदनगरकडून मोगलांकडे गेलं. त्या काळात दक्षिणेत मोगलांचा सेनापती म्हणून वावरलेला अब्दुल रहीम खानखाना, दोहे लिहिणारा रहीम तो हाच, त्याची पत्रिका या कृष्ण दैवज्ञाने एका ग्रंथात उदाहरण म्हणून सोडवून दाखवली आहे. पुढे जहांगीरच्या दरबारातही त्याला मान होता.

तर या कृष्णाने १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. नाव ठेवलं ‘बीजपल्लव’. बीजाला फुटलेली पालवी. या टीकेची खासियत म्हणजे उपपत्ती. नियम सांगून तो थांबत नाही, का ते सांगतो. उपपत्ती हा संस्कृत शब्द झाला. आपल्या बोलीत त्याला ‘काहून’चं उत्तर म्हणू.

कृष्णाच्या म्हणण्याचा आशय असा. ऋणत्व तीन प्रकारचं असतं : देशाचं, म्हणजे जागेचं, काळाचं, आणि वस्तूचं. तिन्हींमध्ये समान काय, तर वैपरीत्य, उलटेपणा. पूर्व धन धरली तर पश्चिम ऋण. पुढचा काळ आणि मागचा काळ हे एकमेकांचे उलट. आणि वस्तू माझ्या मालकीच्या असल्या तर धन, तेच नातं उलटं झालं तर ऋण. म्हणजे कर्ज हा ऋणाचा एक प्रकार झाला. ऋण म्हणजे कर्जच, असं नव्हे. आणि स्वतः उपपत्ती मांडताना तो कर्जाचं उदाहरण न घेता पूर्व-पश्चिम घेतो.

मंडळी, तत्त्वज्ञानात आम्ही याला व्याख्येची दुरुस्ती म्हणतो. प्रश्न सुटत नसेल तेव्हा पुष्कळदा उत्तर चुकलेलं नसतं, शब्दाचा अर्थ अरुंद झालेला असतो. स्तांदाल तिथेच अडकला. आमच्या मित्राचा वर्गही तिथेच अडकला.

आता कृष्णाचे हे तीन प्रकार घेऊन आपण आपलं उदाहरण करू. वैशाखातली विहीर घ्या. पाणी रोज २ फूट खाली जातंय. खाली जाणं ऋण धरू, म्हणजे रोजचा बदल ऋण २. आजच्या पातळीला शून्य म्हणा. तीन दिवसांनी पाणी कुठे असेल? ३ गुणिले ऋण २, ऋण ६. सहा फूट खाली. बरोबर? आता विचारा, तीन दिवसांपूर्वी पाणी कुठे होतं? पुढचे दिवस धन, तर मागचे दिवस ऋण. ऋण ३ गुणिले ऋण २. पाणी कुठे होतं हो? सहा फूट वर. हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई सांगेल. ऋण ३ गुणिले ऋण २ बरोबर धन ६. आणि आषाढात पाणी रोज २ फूट चढत असेल, तर तीन दिवसांपूर्वी ते ६ फूट खाली होतं : ऋण ३ गुणिले धन २ बरोबर ऋण ६. चारही नियम एका विहिरीत आले.

यात गंमत काय आहे? एक ऋण काळाचं आहे, दुसरं जागेचं आहे. गुणाकारात दोन संख्यांची कामं वेगळी असतात. गुण्य ही वस्तू, गुणक म्हणजे ती किती वेळा आणि कोणत्या बाजूने घ्यायची ते. गुणक ऋण असला की तो म्हणतो, उलट फिर. गुण्य आधीच उलटं उभं असेल, तर फिरल्यावर ते सुलट होणार.

आणि इथे त्या मुलीची शंका अर्धी फिटते. कर्जाला कर्जाने गुणताच येत नाही, बाळ. रुपयाला रुपयाने तरी कुठे गुणतो आपण? दहा रुपये गुणिले पाच रुपये बरोबर काय, पन्नास चौरस रुपये? कर्ज घेता येतं किती ‘वेळा’. पाचशे पाचशेची तीन कर्जं डोक्यावर आली, ती ३ गुणिले ऋण ५००, म्हणजे ऋण १५००. ती तीन कर्जं डोक्यावरून उतरली, ते झालं ऋण ३ गुणिले ऋण ५००. उत्तर धन १५००.

मग बाबाजवळ पैसा काहून नाही होत? शंकेची ही दुसरी अर्धी बाजू, आणि तीच जास्त महत्त्वाची. हे धन १५०० म्हणजे खिशातली शिल्लक नाही, तो बदल आहे. माणूस ऋण १५०० वर उभा होता, १५०० वर चढला, शून्यावर आला. कर्ज माफ झालं म्हणजे माणूस श्रीमंत झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी बदल आणि शिल्लक यांची गल्लत केलेली असते. ही गल्लत सातवीतल्या मुलीने केली तर आपण हसतो. मोठी माणसं रोज वर्तमानपत्रात करतात. शून्यावर आलेल्या माणसाकडे पुढच्या पेरणीला बियाणं घ्यायलाही पैसा नसतो, हे त्या मुलीला घरी दिसतं. तिचं गणित चुकलं नव्हतं, तिला दिलेलं उदाहरण अपुरं होतं.

आता एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, सर, विहिरीचं उदाहरण ठीक, पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. कबूल. मग शेत मोजू. दहा काठी लांब, दहा काठी रुंद असं चौरस शेत. क्षेत्रफळ १००. एका बाजूने २ काठी रुंदीची पट्टी रस्त्यात गेली, लगतच्या दुसऱ्या बाजूने ३ काठी रुंदीची पट्टी नाल्यात गेली. उरलं ८ बाय ७, म्हणजे ५६. हे तर पक्कं. आता तुकड्या तुकड्याने करा : १० वजा २, गुणिले १० वजा ३. दहा दाहे शंभर. त्यातून ३० गेले, २० गेले, राहिले ५०. अजून एक गुणाकार बाकी आहे : ऋण २ गुणिले ऋण ३. तो ऋण ६ धरला तर उत्तर ४४, धन ६ धरला तर ५६. शेत सांगतंय ५६. का? कोपऱ्यातला २ बाय ३ चा तुकडा आपण दोनदा वजा केला, एकदा रस्त्यात, एकदा नाल्यात. दोनदा गेला म्हणून एकदा परत द्यायचा.

यातून कळतं की हा नियम आकाशातून पडलेला नाही आणि कोणा ऋषीची आज्ञाही नाही. तुकडे करून गुणलं काय आणि एकदम गुणलं काय, उत्तर एकच आलं पाहिजे, एवढा आग्रह धरला की दुसरा पर्यायच उरत नाही. धन संख्यांशी आपण जो करार केला, तोच ऋण संख्यांशी पाळायचा, इतकंच.

एक सावधगिरीची सूचना, ही आमच्या विषयातली. पुष्कळ जण सांगतात, नकाराचा नकार म्हणजे होकार, म्हणून ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. ऐकायला छान आहे. न्यायशास्त्रात यावर शतकानुशतकं वाद झाला. घटाच्या अभावाचा अभाव म्हणजे घटच, असं जुने नैयायिक म्हणत. नवद्वीपचा रघुनाथ शिरोमणी म्हणाला, नाही, अभावाचा अभाव हा वेगळा पदार्थ आहे. तेव्हा होकार-नकाराची उपमाही दिसते तितकी सरळ नाही. आणि वर्गात तिचा तोटा होतो. ‘दोन ऋण मिळून धन’ एवढंच डोक्यात राहतं आणि मुलं ऋण ३ अधिक ऋण ४ बरोबर धन ७ लिहून मोकळी होतात. बेरजेत कोणी कोणाला उलटवत नाही. दोघं एकाच दिशेने चालतात, ऋण ७ वर पोचतात. उलटवण्याचं काम फक्त गुणाकारातला गुणक करतो.

शेवटचं बोलतो आणि थांबतो.

चारशे वर्षांपूर्वी ज्याच्या घराण्याचं गाव पूर्णेच्या काठी होतं, त्या माणसाने हा ‘काहून’ गांभीर्याने घेतला. नियम हजार वर्षांचा होता, भास्कराचार्यांचा शिक्का त्यावर होता, पाठांतराने त्याचं सहज भागलं असतं. तरी त्याने उपपत्ती लिहिली. त्याचं नाव आपल्या शाळांच्या भिंतींवर नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. त्याहून वाईट याचं वाटतं, की त्याच वऱ्हाडातल्या वर्गात ‘काहून’ विचारणाऱ्या पोरावर इतर पोरं हसतात.

इथे शिक्षक बसले आहेत, पालक आहेत. आपल्याला एवढीच विनंती, की नियम सांगण्याआधी एक तास विहिरीला द्या, एक तास शेताला द्या. पाठांतर नंतर होईल, ते अवघड नाही.

आमच्या मित्राने दुसऱ्या दिवशी वर्गात विहीर काढली. ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती म्हणे. मग म्हणाली, ‘म्हंजे मांगं पाह्यलं त पाणी वर होतं.’

हो, बाळ. बरोबर आहे.